बुधवारी साडेसातचा खोकला

दादा, त्या शेवटच्या बुधवारी संध्याकाळी तुम्ही जे खोकलात, त्यातला शेजारच्यांना सावध करण्यासाठी काढलेला खोकला कोणता आणि खरोखर श्वास अडकला म्हणून आलेला कोणता? मला सांगता येत नाही. ज्यांनी तो ऐकला त्यांनाही सांगता येत नाही, आणि मी तर तो ऐकलाच नव्हता. इतकी वर्षं मी एवढंच धरून चालले होते की तुम्ही दम्याने गेलात. या मे महिन्यात मला कळलं की शेवटची दोन वर्षं तुम्ही मला, तुमच्या मुलीला, बेमालूम फसवत होता, आणि तशी वेळ तुमच्यावर मीच आणली होती.

आळेफाट्याच्या गॅरेजात तुम्ही वायरिंगचं आणि बॅटऱ्यांचं काम करायचात. त्यामुळे लाइट गेली की गावातले सगळे टीव्ही मुके व्हायचे, आपला तेवढा चालायचा. कुठल्यातरी ट्रकची काढून टाकलेली बॅटरी चार्ज करून तुम्ही सायकलच्या कॅरिअरला ट्यूबने आवळून बांधून आणायचात. दोन चिमटे लावले की तो छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही खरखरत जागा व्हायचा, आणि आळीतली माणसं पोती-सतरंज्या घेऊन आपल्या अंगणात यायची. दिवाळीतला विनोदी कार्यक्रम, एकतीस डिसेंबरचा खास कार्यक्रम, हे तुमचे सण. एक जाडा नट लुगडं नेसून बाजेवर बसतो आणि बाज मोडून आत जातो, हे दरवर्षी तेच असायचं. तो बसायच्या आधीच तुमचे खांदे हलायला लागायचे. तुमच्या हसण्याला आवाज नव्हता. नुसते डोळे पुसत राहायचात, आणि त्या ग्रीसच्या हाताने पुसल्यामुळे कार्यक्रम संपेपर्यंत तुमचंच तोंड बघण्यासारखं झालेलं असायचं.

पुढे केबल आली, रंगीत टीव्ही आला, आणि बुधवारी साडेसातला नवरा-बायकोंच्या खेळांचा तो कार्यक्रम सुरू झाला. बायकोला दुसऱ्या खोलीत बसवायचं, नवऱ्याला तिच्याबद्दल विचारायचं, मग दोघांची उत्तरं जुळतात का बघायचं. तुम्ही लगेच पक्कड माईकसारखी धरून आईसमोर उभे. "बोला वैनी, आपल्या मिस्टरांना कोणती भाजी आवडत नाय?" आई भाकरी थापताना मान वर न करता म्हणते, "ताटात येईल ती." सगळं अंगण हसतं. एका खेळात मिनिटभरात जास्तीत जास्त बांगड्या घालायच्या असत. शेजारच्या चाची, ज्यांचा बांगड्यांचाच धंदा, त्या टीव्हीतल्या बाईवर ओरडायच्या. "आगं अंगठा दाब आदी! मोडल्या! मोडल्या! काय राव, एवढी शिकलेली बाई!" आणि चाचा म्हणायचे, "तिला ऐकू जात नाय, जरा मोठ्यानं बोल."

मी बी.ए. झाले तेव्हा तुम्ही गॅरेजच्या पाटीखाली उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरांना सांगत होता, "आमची पोरगी ग्रॅज्युएट झाली राव." नाशिककडे निघालेल्या माणसाला त्याचं काय? पण तुमच्यामुळे दोघा-तिघांनी खाली उतरून चहा घेतला म्हणे. मी घरी आले ती डोक्यात गाव बदलायचं घेऊनच. शाळेत तात्पुरती शिकवायला लागले आणि दिसलं की पोरं संध्याकाळी पुस्तक उघडतच नाहीत. मग मी ग्रामसभेत उभी राहिले. सात ते नऊ सगळ्या गावाचा टीव्ही बंद. सात वाजता देवळाचा भोंगा वाजेल, पोरं अभ्यासाला बसतील, मी स्वतः टॉर्च घेऊन आळ्या-आळ्यांतून फिरेन, आणि ज्या घरात टीव्ही चालू सापडेल त्या घराचं नाव दुसऱ्या दिवशी सकाळी स्पीकरवरून सांगितलं जाईल. सगळ्यांनी हात वर केले. तुम्ही आधी केलात आणि सगळ्यांच्या नंतर खाली घेतलात. तेव्हा तुम्ही दम्यामुळे गॅरेज सोडून घरीच होता. बुधवारचा तो अर्धा तास तुमच्या आठवड्यात उरलेली एकच गंमत होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही असं मी म्हणणार नाही. आलं होतं. मला वाटलं, मोठ्या कामात एवढं चालायचंच.

पहिलं नाव मी घेतलं ते चाचींच्या घराचं. सकाळी घरी आले तर तुम्ही पडवीत बाजेवर, हातात चहा.

"चाचीच्या घराचं नाव घेतलंस?"

"टीव्ही चालू होता त्यांचा."

"काय लावलं व्हतं?"

"तेच तुमचं, नवरा-बायकोचं."

"हसत व्हती का?"

"हसत होत्या म्हणून तर कळलं मला."

"मंग माणूस हसलं, म्हणून तू गावाला सांगितलंस."

तुम्ही एवढंच बोललात. आवाजही चढवला नव्हता. मी मात्र चढवला. म्हटलं, "मग पोरांनी काय तुमच्यासारखं अडाणी राहायचं का?" तुम्ही कप खाली ठेवला. चहा अर्धा होता. त्या संध्याकाळी भोंगा व्हायच्या आधीच तुम्ही उठून टीव्हीची पिन काढलीत, वायर गुंडाळलीत आणि शाळेत असताना मी विणलेला क्रोशाचा रुमाल त्याच्यावर घातलात. "आपल्या घरापासून चालू कर," म्हणालात, "नायतर लोक म्हणतील बापाला सूट." मला तेव्हा तुमचा अभिमान वाटला होता. तुम्ही कशाने दुखावला होता त्याचा विचार करायच्या आधी मी अभिमान वाटून घेतला.

त्यानंतर पुन्हा कुठल्याच घराचं नाव घ्यावं लागलं नाही. आपल्या आळीत मी शिरायचे तेव्हा शांतता असायची, आणि त्या शांततेत तुमचा खोकला. मी आळेफाट्याहून औषधाची बाटली आणली होती. ती भरलेलीच दिसायची आणि मी रागवायचे. "बुधवारीच कसा वाढतो हो तुमचा खोकला?" एकदा मी खरंच असं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "बुधवारी वारं बदलतं आगं." आणि मी, तुमची ग्रॅज्युएट मुलगी, त्यावर वाफाऱ्याचं पातेलं चुलीवर चढवलं.

शेवटच्या बुधवारी मी आपल्या आळीत आलेच नव्हते. तालुक्याहून साहेब आले होते उपक्रम बघायला. शाळेच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या आणि मला माईक दिला होता. मी बोलत होते की माझ्या वडिलांनी सगळ्यात आधी स्वतःच्या घरातला टीव्ही झाकून ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई रोजच्यासारखी डेअरीवर दूध घालायला गेलेली. टाळ्या थांबायच्या आत चाचांचा थोरला पळत आला. साहेबांच्या जीपमध्ये मी तुमचं डोकं मांडीवर घेतलं होतं, तुम्हाला बोलता येत नव्हतं. आळेफाट्याच्या दवाखान्यात दोन दिवस काढलेत.

आता मी आंबेगाव तालुक्यात घोडेगावकडच्या एका शाळेत शिकवते. गावातला भोंगा मी निघून आल्यावर वर्षभरातच बंद पडला. मे महिन्यात घरी आले होते, तेव्हा दुपारी चाचींकडे गेले. टीव्हीवर कुठल्याशा चॅनलला तेच जुने भाग पुन्हा दाखवत होते. तेच मोठाल्या फुलांचे पडदे, तोच निवेदक, त्याचे तेच विनोद. पहिल्यांदाच मी ते नीट बसून बघत होते. एक नवरा आपल्या बायकोचा वाढदिवस विसरला आणि घाबरून सासूचा सांगून बसला. मी मोठ्याने हसले. चाची आत आमटीला फोडणी देत होत्या. मिरचीचा ठसका लागला आणि मला खोकला आला. खोकला आल्याबरोबर चाची पदराला हात पुसत बाहेर आल्या, रिमोट उचलला आणि आवाज बारीक केला. मग रिमोट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"हात अजून जातो बघ," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "कसला हात?"

त्यांनी आधी टाळलं. चहा टाकते म्हणाल्या, जेवून जा म्हणाल्या. मी सोडलं नाही तेव्हा समोर बसल्या. "तुझ्या बापानं खूण ठरवली व्हती. तू नाव घेतलंस ना आमचं, त्याच्या दुसऱ्या दिवशी आला. म्हणला, चाची, पोरगी लहान हाय, मनावर घेऊ नका. बुधवारी लावत जा तुमचा टीव्ही, मी पडवीत बसतो, वळणावर तिची टॉर्च मला दिसती. एकदा खोकलो की बारीक करायचा. ती गेली की परत खोकंन, मंग मोठा करा. भिंतीतनं मला पण ऐकाया येतं."

दोन्ही घरांच्या मधली ती भिंत एकेरी विटांची. तुम्ही बाज भिंतीला लावून घेतली होती ती का, हे मला तेव्हा कळलं. भिंत गार लागते, असं तुम्ही आईला सांगितलं होतं.

"आणि त्या दिवशी?" मी विचारलं.

चाची खाली बघत बोलायला लागल्या. "त्या दिवशी खोकला, आमी बारीक केला. लगीच परत खोकला, मोठा केला. परत खोकला. ह्यांना म्हणले, आज भाऊ गंमत करतोय आपली, वर-खाली, वर-खाली. आमी हसलो गं. पोरं लोळून हसली. मंग एकदम थांबला. आवाज बारीकच व्हता, आमी म्हणलं तू आळीत असशील, म्हणून गप बसलो. मुका टीव्ही बघत. शेवटाला हे म्हणले, एवढा वेळ पोरगी काय करती आळीत, आन् बाहेर जाऊन बघितलं." त्यांनी डोळ्याला पदर लावला. "कान नव्हते का आमाला? रोज ऐकत व्हतो आमी."

मी त्यांना म्हटलं, तुमची काही चूक नाही. त्या म्हणाल्या, तुझी पण नाय. वर हेही म्हणाल्या की त्या दोन तासांमुळेच त्यांची धाकटी दहावी झाली आणि आज जुन्नरला नर्स आहे. ते खरं आहे दादा, आणि म्हणूनच माझी सुटका होत नाही. ते सगळंच वाईट असतं तर मी एकदाच रडून मोकळी झाले असते. पोरं शिकली. पण त्यासाठी नावं पुकारायची गरज नव्हती, आणि तुम्हाला अडाणी म्हणायची तर मुळीच नव्हती. तुम्ही मला त्याचं उत्तर दिलं नाहीत. माझा नियम गावात मोडू दिला नाहीत, चाचींचं हसणंही बंद पडू दिलं नाहीत, आणि हे दोन्ही सांभाळायला तुमच्याकडे होता तो दम वापरलात. तेही इतकं बेमालूम की शेवटी मदतीला हाक मारायची वेळ आली तेव्हा तुमच्याकडे खोकल्याशिवाय काही नव्हतं, आणि तो तर आधीच खर्ची पडला होता.

मी हल्ली सुट्टीच्या दुपारी ते जुने भाग बघते. खोलीत एकटीच. निवेदकाने प्रश्न विचारला की भिंतीपलीकडून तुम्ही कोणतं उत्तर पुटपुटला असाल ते शोधते. काही विनोद आता शिळे वाटतात. काही मला लाजवतात, बायकांवर केलेले. तेव्हाही तुम्हाला मी हे सुनावलंच असतं. पण तुमचे खांदे कुठे हलले असते ते बरोबर कळतं, आणि त्या जागेपाशी मी टीव्हीकडे न बघता दुसरीकडे बघते.

यंदा दिवाळीनंतर आपलं घर पाडून नवं बांधायला घेतलं. मिस्त्री म्हणाला, "ताई, ही मधली भिंत पार भुसभुशीत झालीय. पाडून डबल विटांची घेऊ, शेजारचा आवाज पण येणार नाय." मी म्हटलं, ती राहू द्या. बाहेरगावी नोकरी करणाऱ्या माझ्या भावाने डोकं धरलं. "आगं तीन भिंती नव्या आन् एक जुनी, लोक हसतील." मी म्हटलं, हसू देत. स्लॅब मागच्या आठवड्यात टाकला. भिंत तशीच आहे, आणि आईने तुमची बाज तिला लावून ठेवली आहे.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. रविवारी दुपारी मी त्या बाजेवर बसले होते. पलीकडे तो कार्यक्रम चालू होता, चाची कुणावर तरी ओरडत होत्या. मी मुद्दाम खोकले. खोटं खोकले. क्षणात पलीकडचा आवाज बारीक झाला, आणि चाचींचं हसणंही थांबलं. मी दुसऱ्यांदा खोकले नाही. भिंतीला तोंड लावून मोठ्याने सांगितलं, "चाची, मोठा करा आवाज. आळीत कुणी नाही."