वाटीत उरलेला बोल्ट

मेस्त्रीबाई,

गाडी जागेवर नाही म्हणून घर डोक्यावर घेऊ नकोस, मीच नेली आहे. आधी एक गुन्हा कबूल करते.

सर्व्हिसिंगचा खर्च ऐकून तू स्वतःच पाना हातात घेतलास, तेव्हा मी "वा!" म्हटलं खरं. पण काल ओट्यावरच्या वाटीत एक बोल्ट उरलेला दिसला आणि माझं धाबंच दणाणलं. उद्यापासून तू याच गाडीने नव्या नोकरीला जाणार! दुपारी तुझा डोळा लागला तशी मी गाडी ढकलत ढकलत कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेली.

त्याने चेन दाबली, ब्रेक बघितले, मग बोल्ट हातात घेऊन हसला. "काकू, हा ऑइलचा जुना बोल्ट. आटे गेलेत याचे. पोरीने नवा बसवलाय. आम्हीसुद्धा कंटाळा आला की जुनाच आवळून देतो!"

येताना गाडी चालवत आणली. आज कामालाही तीच नेली आहे, हीच माझी माफी समज. उद्यापासून तू खुशाल ने.

वाटी घासून ठेवली आहे. बोल्ट मात्र शोधू नकोस. कामावर सगळ्यांना दाखवायला तो मी घेऊन गेले आहे.

आई