तर्रीबरोबर क्रेमाँ

१४ सप्टेंबर २००४, मंगळवार. नेपरव्हिल
रेच्या दुकानाचं पत्रक टपालात आलं. रे म्हणजे डाउनटाउनमधला वाइनवाला, ज्याच्याकडे सुहास आणि मी दर शनिवारी चाखायला जातो. पान दोनवर लेख: ‘माझ्या आजीचं स्वयंपाकघर आणि अल्सासच्या वाइन्स’. लेखिका नीलिमाताई, आमच्या मंडळाच्या अध्यक्षा. पैठणीतला फोटो.
साबुदाणा वड्याबरोबर रीसलिंग. सांबारवडीबरोबर गेवुर्त्स. भरल्या वांग्याबरोबर पिनो ग्री. पाचच्या पाच जोड्या, पदार्थ आणि त्याच्याबरोबरची वाइन, माझ्या. वाक्यंसुद्धा माझी, फक्त इंग्रजीत.
आणि म्हणे आजी! पुण्याच्या आजीने सांबारवडी कधी केली? नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे हिला जूनमध्ये मी सांगितलं.
पुढे हिला नुसतं नी. लिहीन. पूर्ण नाव लिहायची इच्छा नाही.

१५ सप्टें.
स्वतःलाच शिव्या घालतेय. जोड्या लिहिलेली वही मीच दिली. ‘अगं वैजू, तुझं मराठी छान आहे, पण रे काय वाचणार? दे, मी ट्रान्सलेट करून देते.’ मी भाबडी. प्रसादासारखी दोन्ही हातांनी दिली.
दीड वर्षाचं काम होतं. एच-फोरवर, म्हणजे सुहासची बायको म्हणून मिळालेल्या व्हिसावर, नोकरी करता येत नाही, म्हणून करता येईल ते केलं. शिजवलं, चाखलं, लिहिलं. ती बाई तर वाइनचा थेंब घेत नाही. तिला वाससुद्धा सहन होत नाही!

१७ सप्टें.
फोन केला. ‘अगं, तुला आवडला ना लेख? वही आहे गं, देते.’ एवढंच. मी काय म्हटलं? ‘हो ताई, छान झालाय.’ जीभ झडली असती तर बरं.
सुहास: ‘जाऊ दे ना यार. मंडळात रोज तोंडं बघायची आहेत. गणपती बसतायत उद्या, इश्यू नको करूस.’
गणपतीसमोर उभं राहून बुद्धी नाही मागणार. संधी मागीन.

२५ सप्टें., शनि.
रे खुशीत होता. या वाइन्स बनवणारी, फ्रान्समधल्या अल्सासची मादाम स्वतः येतेय. तिची वायनरी एवढीशी, घरचीच माणसं द्राक्षं खुडतात, अमेरिकेत तिचा माल घेणारे रेसारखे चारदोन. रेने तिला लेख पाठवला होता. तिला जोड्या इतक्या आवडल्या की प्रत्येक बाटलीच्या गळ्यात एक कार्ड अडकवणार. वर पदार्थ, खाली शोधणाऱ्याचं नाव. सहा नोव्हेंबरला दुकानाच्या मागच्या हॉलमध्ये जेवण, तिथे चाखून नक्की करणार.
शोधणारी कोण, तर नी.!
मी कसनुसं हसले. रेला सांगणार तरी काय? वही तिच्याकडे, लेख तिचा, तिचं इंग्रजी फर्डं. माझं ‘आय मेक, आय मेक’ कोण ऐकणार.
कार्डावर माझं नाव पाहिजे. दुसरं काही नको.

१९ ऑक्टो.
मागितली ती संधी चालून आली.
नी.चा फोन. मादामला सहावा पदार्थ हवाय, झणझणीत. ‘तुमचा तो पाटवडी रस्सा करते म्हटलं. त्याच्याबरोबर काय गं चालेल? वहीत नाहीये.’
वहीत नाही कारण ते सुट्या कागदावर आहे. मार्चमध्ये मी रस्सा केला होता आणि वर मादामचीच क्रेमाँ घेतली होती, ती फसफसणारी. एका घोटात कानातून धूर निघाला. तिखटावर बुडबुडे म्हणजे जखमेवर मीठ. कागदावर दोनदा अधोरेखित: कधीही नाही.
मी म्हटलं, ‘क्रेमाँ, ताई. डोळे मिटून. आणि तर्री, तो वरचा लाल तवंग, कमी करू नका हं, तर्रीशिवाय मजा नाही.’
‘नक्की ना?’
‘अगदी नक्की.’
फोन ठेवून छान आलं घालून चहा केला. महिन्याभरात पहिल्यांदा चव लागली.

३० ऑक्टो.
वाईट वाटतंय का, ते तपासून बघितलं. नाही वाटत.
फक्त एक धाकधूक. बाई पुण्याची, रश्श्यात गूळ टाकेल आणि सगळं वाचवेल.

७ नोव्हें., रवि. सकाळ
कालचं लिहून टाकते.
मादाम सत्तरीची. बोटं आमच्या नागपूरच्या कामवाल्या शांताबाईंसारखी, चिरा पडलेली. पाचही जोड्यांवर मान डोलावली. गेवुर्त्सला डोळे मिटले. माझ्या सांबारवडीवर! नी. शेजारी उभी, आजीची गोष्ट सांगत.
मग रस्सा आला. लाल तर्री, बोटभर. गूळ नाही. सांगितलं तसंच केलं होतं बाईने.
आणि नी.ने ग्लासवर चमचा वाजवला. ‘ही शेवटची जोडी मात्र माझी नाही. क्रेडिट गोज टू अवर वैजयंती!’ सगळे माझ्याकडे वळले. टाळ्या. सुहाससुद्धा वाजवत होता, गाढव.
मादामने चमचाभर रस्सा घेतला, मग घोट. ठसका. डोळ्यांतून पाणी. रुमालाआड बराच वेळ. मग तिने ग्लास उजेडात धरून पाहिला, चूक वाइनचीच असल्यासारखं, आणि हळूच बाजूला सरकवला.
तिथे लाजले मी. नी.समोर नाही. त्या ग्लाससमोर.

९ नोव्हें.
नी. घरी आली. हातात डबा. दिवाळीच्या चकल्या, आणि डब्यावर माझी वही.
‘वाईट नको वाटून घेऊस हं. होतं असं.’ बसली, चहा घेतला. जाताना चपला घालताना म्हणाली, ‘मी घेत नाही गं, पण तिखट खाऊन सोडा प्यायल्यावर काय होतं, ते मला माहीत आहे. म्हटलं, जिची आयडिया, तिचंच नाव यावं.’
आणि हसली. गोड.
म्हणजे तिला कळलं होतं. तरी तसंच वाढलं. मी खणला खड्डा आणि तिने मला हात धरून त्यात नेलं.
चकल्या खुसखुशीत आहेत. हेही सोसवत नाही.

१० नोव्हें.
रेचा फोन. मादाम शुक्रवारी परत जाणार. उद्या अकराला दुकानात कार्डांचं नक्की करणार. तिने मला बोलावलंय. का, ते रेलाही माहीत नाही. ‘द लेडी ऑफ द रेड सूप,’ एवढंच म्हणाली. नी. येणारच आहे.
वही नेऊ शकते. तारखा आहेत, डाग आहेत, पानापानाला हळदीचा अंगठा. पाच जोड्या माझ्या, हे सिद्ध होईल. पण मादाम विचारणार, मग सहावीत एवढी चुकलीस कशी? चुकले म्हटलं, तर पाचांवर विश्वास कोण ठेवेल? मुद्दाम केलं म्हटलं, तर तिच्या वाइनला तिच्यासमोर मान खाली घालायला लावणारी मी. सुटा कागद दाखवला की खरंही कळतं आणि मीही.
सुहास म्हणतो जाऊच नको.
जाणार. सांबारवडीचं सारण झालंय. वही पिशवीत टाकली. कागद टाकला, काढला, परत टाकला.
नी.चा डबा धुऊन ओट्यावर ठेवलाय. उद्या परत करायचा. रिकामा डबा परत करू नये, असं आई म्हणते. काय भरावं ते अजून ठरत नाही.