फिल्टरचं झाकण कोण उघडतं

नाना, आज तुमच्याशी भांडायचंय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण भांडण तसंच शिल्लक आहे, त्याला काय करणार!

देवपूरचं आपलं वेल्डिंगचं दुकान. एक बाई शेतातल्या ठिबकच्या फिल्टरचं झाकण पिशवीत घालून आली आहे. म्हणते, खिट्टीला वीतभर दांडा जोडून द्या. तुम्ही लगेच सळई कापायला घेता. मी सहज विचारते, "कशाला हवाय?" तेवढ्यावरून चारचौघांत तुम्ही लेकीवर खेकसलात, "तुले काय करनं शे? माप इचार, काम नको इचारू!" चार दिवसांनी ती परत आली. दांडा शेजारच्या पाइपाला अडत होता, झाकण उघडतच नव्हतं. "बाई, माप तुमचंच होतं," म्हणालात. होतं तिचंच. पण तुम्ही चुकलात नाना, आणि हे मी तेव्हा बोलले नाही म्हणून आज बोलते. तिला दांडा नको होता हो, तिच्या हातानं झाकण उघडायला हवं होतं!

आता मी जळगावात फिल्टरच बनवते. चित्र काढायच्या आधी आम्ही यादी करतो, भागांची नाही, कामांची. कचरा अडवणं, दाब सोसणं, जाळी तुंबली की कळवणं. मग कोणतं काम कुणाला हवं, कशावाचून अडेल आणि कोणतं 'जमलं तर', ते ठरतं. 'एकट्या बाईला पान्याशिवाय झाकण उघडता येणं' हे मी 'हवंच' खाली लिहिलं. साहेबांनी ते 'जमलं तर' मध्ये ढकललं. म्हणे, बायका कुठे फिल्टर धुतात? अहो, अमळनेरकडे ज्या ज्या शेतात गेले तिथे बायकाच धूत होत्या! एकीनं तर खिट्टी दगडानं ठोकून दाखवली. मी ती ओळ पुन्हा 'हवंच' मध्ये नेली. त्यांनी पुन्हा काढली.

आज बैठकीत ते म्हणाले, यादीवर सही करा, नाहीतर हे काम दुसऱ्याला देतो. "खुशाल द्या," मी म्हटलं, आणि कागद सही न करताच परत सरकवला. दुपारी काम काढून घेतलं. घेऊ देत. उद्या वरच्या साहेबांकडे जाणार आहे, शेतातले फोटो घेऊन. मागे हटणारी मी नाही.

फक्त एक. बैठकीतून निघाल्यावर जिन्यात मला रडू आलं, आणि सही करून टाकली असती तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं. हे तुम्हाला कधीच कळणार नाही, म्हणून तर लिहिलं.