मंडईतल्या घोड्याची सावली

मी, कायस अविदियस हिलारस, धंदा मासळीविक्री, राहणार पुतेओली, वय अदमासे एकसष्ट. पाय सुजले आहेत, पण डोके ठिकाणावर आहे. कोणी मानगुटीवर बसून हे लिहून घेत नाही.

माझा गुलाम कॅलिस्टस याला मी मुक्त करतो आणि वारस नेमतो. दुकान, वरची खोली, सुऱ्या, तराजू, सारे त्याचे. वीस वर्षे त्याने मासे साफ केले आणि माझी बडबड ऐकली. दुसरे काम जास्त कष्टाचे होते.

मेहुणा रुफियो याला तडा गेलेला रांजण. का, ते त्याला ठाऊक आहे.

आता घोड्याविषयी. मंडईच्या चौकात कोणा जुन्या सेनापतीचा अश्वारूढ पुतळा आहे. त्याचे नाव कोणी वाचत नाही. आम्हाला सावलीशी मतलब. सकाळी ती माझ्या ओट्यावर, मग सरकत भाजीवाली ट्रेबिया हिच्याकडे. त्यावरून आमची रोज जुंपायची.

"ए मासळीवाल्या, पाट्या सरकव! घोडा काय तुझ्या बापाचा हाय?"

"बापाचा असता तर तुला इथं बसू दिलं असतं का?"

अकरा वर्षांपूर्वी भूकंपानंतर गवंडी चौथरा दुरुस्त करायला आले. मी त्यांना तळलेले मासे खिलवले, दारू पाजली. घोडा हातभर वळून बसला. माझी सावली वाढली, तिची घटली.

"घोडा फिरलाय! माझ्या सुकल्या मुळ्यांना इचारा!" ती ओरडत राहिली. सारी मंडई तिला वेडी म्हणून हसली. मीही हसलो.

कॅलिस्टस तेवढा म्हणायचा, "मालक, सांगून टाका की." माझी जीभ उचलली नाही.

म्हणून हे मृत्युपत्र त्याच घोड्याखाली, भर बाजारात, मोठ्याने वाचावे. घोडा फिरला होता. ट्रेबिया खरी, मी खोटा.

माझ्या थडग्यावर पुतळा नको. ट्रेबिया दुपारी ज्या रस्त्याने मळ्याकडे परतते, त्याच्या पश्चिमेला मी जागा घेतली आहे. तिथे उंच दगड उभारावा, पुढे बाक करावा. शंभर दिवसांत बाक झाला नाही, तर दुकान रुफियोला जाईल. कॅलिस्टस, तेवढे होऊ देऊ नकोस.

ट्रेबिया, तुझ्याशी भांडायला मिळे म्हणून मी दुकान लवकर उघडत असे. त्या बाकावरची सावली तुझी. खुशाल बस. या खेपेला मी सरकणार नाही आणि तुलाही सरकवणार नाही.

खाली सात साक्षीदारांच्या मोहरा आहेत. सातही मंडईतले, सातही तिला हसलेले. आतला मजकूर न दाखवता मोहरा घेतल्या आहेत. वाचनाच्या वेळी सातही जणांनी तिच्यासमोर उभे राहावे.

साक्षीदार: कॅल्विडियस, पोपेयस, ग्रॅनियस, हॉर्डियोनियस, नेवियस, सेक्स्टिलियस, ऑक्टस.

पुतेओली, मे महिन्याचा पंधरावा दिवस.

हिलारस (मोहर)