माझ्या कमरेवरची फिरती रेघ

३ फेब्रुवारी, सकाळ
ऑर्नेलाची किडनी माझ्या पोटात बसवून आज अकरा आठवडे. तब्येत फर्स्ट क्लास. किडनी टिकावी म्हणून गोळ्यांनी माझी प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी केली आहे, जपून राहा, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं. माझी मुळातच एवढी दांडगी आहे, की अर्धी केली तरी चारचौघांएवढी उरते. संकल्प: रोज एक तास केळीच्या बागेत काम. अनवाणी. बुटांमुळे मातीची ताकद अंगात येत नाही.

दुपार
ऑर्नेलाने चिखलाचे पाय पाहिले. म्हणाली, "रेन्झो, किडनी माझी आहे. तुला फक्त वापरायला दिलीय. बूट घाल." बायको असून किती हिशेबी!

९ फेब्रुवारी
पोटात कळा. जुलाब. दोष तिच्या हातच्या लसान्याचा. बोललो नाही. मी समजूतदार आहे.

१२ फेब्रुवारी, दुपारी २
कमरेवर लाल रेघ. भयंकर खाज. घामोळं असणार.

४.१५
रेघ चार बोटं पुढे! पेनाने खूण केली.

६.००
खूण ओलांडली. म्हणजे घामोळं आपणहून निघून चाललं आहे. प्रतिकारशक्ती म्हणतात ती हीच.

१५ फेब्रुवारी
वजन तीन किलो कमी. डाएट न करता. खोकला किरकोळ.

१९ फेब्रुवारी
दवाखान्यातून नर्स लेटिशियाचा फोन. रक्तात इओसिनोफिल नॉर्मल. जंतांशी लढणाऱ्या पेशी या. वाढल्या नाहीत, म्हणजे लढाईच नाही! ऑर्नेलाला दोनदा ऐकवलं. तिने माझा शर्ट वर केला. म्हणाली, "मग हा रस्ता कुठल्या गावाला जातो? आत्ता चल दवाखान्यात."
सोमवारी जाऊ म्हटलं. शनिवारी बाउल्सची, म्हणजे हिरवळीवर बॉल घरंगळवायच्या आमच्या खेळाची, फायनल आहे. कॅप्टन मी आहे. टीमचं काय होईल?

२२ फेब्रुवारी
पहिला बॉल टाकला आणि टॉयलेटकडे पळालो. एकूण पाच वेळा. टीम जिंकली. आखणी माझीच होती. परत येताना गाडीत थंडी वाजून ताप भरला. ऑर्नेलाने गाडी घराकडे न वळवता सरळ केर्न्स शहरातल्या हॉस्पिटलला नेली. वाटेत ती रडत होती बहुतेक. मी डोळे मिटून घेतले.

२६ फेब्रुवारी
आज बसून लिहू शकतो. अंगात जंत आहेत. मातीतून पायाच्या कातडीत शिरतात. नुकतेच आलेले नसावेत, लहानपणापासून, साठ वर्षंही असतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. इतकी वर्षं शरीराने त्यांना दाबून ठेवलं. गोळ्यांनी पहारेकरी झोपले आणि जंतांचं फावलं. रक्तात पेशी वाढल्या नाहीत त्याही त्यामुळेच. रेघ म्हणजे कातडीखालून फिरायला निघालेला जंत. किडनी मात्र वाचली. जंतांच्या गोळ्या रोज.

मग त्यांनी विचारलं, "ऑपरेशनआधी जंतांची तपासणी कशी राहिली?" आणि माझाच जुना फॉर्म काढला. प्रश्न: मातीत अनवाणी चालण्याची सवय आहे का? उत्तर माझ्या अक्षरात: 'कधीच नाही. आमचं घराणं सुशिक्षित आहे.'

ऑर्नेलाने ते वाचलं. पुन्हा वाचलं. डॉक्टरीणबाईंकडून पेन मागून घेतलं, माझं उत्तर खोडलं आणि वर लिहिलं: 'रोज.'

दुरुस्तीखाली माझी सही लागते, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. केली.