रॉस्कोसाठी मार्टिनी

एव्हरेट,

मी स्टेशनवर गेले आहे. सहाच्या गाडीने तुझा भाऊ रॉस्को येतोय. मीच बोलावलंय. आम्ही पोचेपर्यंत तिघांची मार्टिनी तयार ठेव, आणि या खेपेला माझ्या पद्धतीने कर.

ग्लास सकाळपासून फ्रीझरमध्ये आहेत. पाच मापं जिनला एक माप व्हर्मूथ. व्हर्मूथ फ्रीजमधलीच घे. कपाटातली बाटली उघडून वर्ष झालं, त्या वाइनचं आता व्हिनेगर झालंय. काचेचा जग बर्फाने गच्च भर आणि लांब चमच्याने सावकाश ढवळ, तीस आकडे मोजून होईपर्यंत. खळखळ हलवलीस तर गढूळ होते. वरून लिंबाची साल पीळ. तुझ्या त्या ऑलिव्हने सगळी खारट होते, हे मी लग्नापासून सांगतेय.

आता दुसरं. बाबांच्या अंत्यविधीला आला नाही म्हणून नऊ वर्षं तू रॉस्कोशी बोलला नाहीस. त्याला तार पाच दिवस उशिरा मिळाली होती. ती मी पाठवली होती, घाईत, त्याच्या जुन्या पत्त्यावर. परवा मी फोन केला तेव्हा मला हे कळलं. त्याला मात्र पहिल्यापासून माहीत होतं.

"मग एव्हरेटला सांगितलं का नाहीस?" म्हणून मी ओरडलेच त्याच्यावर.

तर म्हणाला, "विनी, त्याच्यासोबत रोज राहायचं तुला होतं, मला नाही."

माझ्यावर काय चिडायचं असेल ते उद्या चीड. आज दार तू उघड.

विनी