आक्काला दिलेला शब्द

२ डिसेंबर, मंगळवार
कावळा शिवला नाही!

आज आक्काबाईंचा दहावा. माझ्या आतेसासूबाई. गवत कापायला वाकल्या आणि बिबट्यानं मागून झेप घेतली. अशा बाईची कसली इच्छा राहिली म्हणून विचारायचं? तरी सगळ्यांनी विचारलं. शेळ्या विकणार नाही म्हणाले, नवस फेडू म्हणाले — कावळे आपले बाभळीवर ढिम्म. शेवटी आबा पुढे झाले. माझे सासरे हौसराव, त्यांचे पाठचे भाऊ.

"आक्का, ज्यानं तुला नेलं त्याचा वंश ठेवनार न्हाई."

अख्ख्या कवठे गावादेखत, हात जोडून. तरी नाहीच शिवला. दर्भाचा कावळा करून उरकलं. आबा जेवले नाहीत.

४ डिसेंबर, गुरुवार
शिरूरला कॉलेजात नेमका तोच धडा. सरकारी कायद्याच्याही वर एक नियम असतो, तो कुणी लिहून द्यावा लागत नाही, माणसाला विवेकानं कळतो — दरवर्षी शिकवते. संघर्ष नावाच्या मुलानं विचारलं, मॅडम, वाईट करायची शपथ घेतली तर पाळायची का? मी झटकन सांगितलं, अशी शपथ बांधत नाही. वर्गात काय, सगळं सोपं असतं! घरी आबांना सांगायची छाती झाली नाही.

६ डिसेंबर, शनिवार
माझ्या लेकीला, समृद्धीला, खिळ्यांचा गळपट्टा आणला, बिबट्यानं मान धरू नये म्हणून रानातल्या बायका लावतात तसला. पहिलीतली पोर — सगळ्यात लहान मापही तिच्या मानेला ढिलं.

९ डिसेंबर, मंगळवार
आमच्याच उसात तोडणीवाल्यांना तीन बछडी सापडली. डोळेसुद्धा उघडले नाहीत अजून. फॉरेस्टची गाडी लोकांनी फाट्यावर अडवून धरलीय. बांधावर ही गर्दी, आणि सगळ्यांचं एकच — हक्क हौसरावांचा, शब्द त्यांनी दिलाय. कुणीतरी आबांच्या हातात कोयता दिला.

क्रेटमध्ये तिघं कुईकुई करत होती. मला दया आली? खोटं कशाला लिहू. आधी समृद्धीची मान आठवली. उद्या हीच बछडी मोठी होणार. मारली तर आई पिसाळणार. नाही मारली तर? मी गर्दीच्या मागंच उभी राहिले. आणि म्हणे तत्त्वज्ञान शिकवते!

शेवटी जवळ गेले, कशीबशी म्हणाले, "आबा, असला शब्द बांधत नाही." मागून कुणीतरी टोमणा मारला, बाईंनी ते कॉलेजात शिकवावं. आबांनी मान वर केली नाही.

"मयताला दिलाय, पोरी."

तिथंच क्रेटपाशी बसलेत, कोयता मांडीवर. मी पडवीत. इथंच बसून लिहितेय. दिवस कलला. उसाकडून काहीच आवाज नाही.

१० डिसेंबर, बुधवार
काल अंधार पडायच्या आत आबांनी माणसं हाकलली, क्रेट उसाच्या सरीत ठेवला आणि घरी आले. सकाळी क्रेट रिकामा. आईनं नेली तिन्ही.

चहा देताना भीत भीत विचारलं, शब्दाचं काय?

आबांनी बशीत चहा ओतला. "कावळा कुठं शिवला? आक्कानं शब्द घेतलाच न्हाई."

मग समृद्धीचा पट्टा मागून घेतला आणि त्याला आणखी एक भोक पाडत बसले.